माईकचं डावं-उजवं

“माईक डावीकडे घे,” कॅप्टन कारखानीस म्हणाले.

ऐकू न आल्यासारखं दाखवणं मला कधीच जड गेलं नाही. मी विमानाचं दार ओढून घेतलं, पट्टा बांधला आणि हेडसेट होता तसाच डोक्यावर चढवला. माईकची दांडी उजव्या गालाशी.

“पाचपोळ, तुलाच सांगतोय.”

“सर, मला अशीच सवय झालीय.”

“चार दिवस झाले नाहीत विमानात बसून आणि म्हणे सवय. सबंध क्लबातल्या विद्यार्थ्यांत एकटी तू उलटा हेडसेट घालतेस. कॅलेंडरवरच्या देवाला पाठ करून बसल्यासारखी.”

“पण त्यानं बिघडतं काय, सर?”

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. शिकाऊ विमानात दोनच खुर्च्या, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ. शिकणारा डावीकडे, शिकवणारा उजवीकडे. त्यामुळे ते वळले की त्यांचा चेहरा वीतभर अंतरावर येई.

“उजवा हात थ्रॉटलवर असतो, उजव्याच हातानं लिहायचं असतं. मधे ती दांडी कशाला? आणि मला तुझं तोंड दिसलं पाहिजे.”

“इंटरकॉमवर बोलते की मी.”

“इंटरकॉमवर सगळेच ‘येस सर’ म्हणतात. कळलं की नाही ते तोंडावर दिसतं.”

उत्तर इतकं चोख होतं की मला पटलं. तरी मी माईक हलवला नाही. त्यांनी उसासा टाकला आणि मला इंजिन सुरू करायला सांगितलं.

विदर्भातल्या एका गावाबाहेरची ही धावपट्टी. तीन बाजूंना कपाशी आणि एका बाजूला क्लबचं, विमानं ठेवायचं पत्र्याचं हँगर. मी तिथे सरकारी शिष्यवृत्तीवर विमान शिकायला आले होते. कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या फिटरची मुलगी पायलट होणार म्हणून गावात माझं थोडं कौतुक आणि बरीच थट्टा चालायची. या गोष्टीला आता तीस वर्षं होतील. आता मी शाळेत भूगोल शिकवते. पण ‘माईक डावीकडे घे’ हे वाक्य अजून कधी कधी उजव्या कानात वाजतं. डाव्या कानात ते वाजणं शक्य नाही.

माझा डावा कान नऊ वर्षांची असताना गेला. गालगुंड झालं, ताप उतरला, गाल बसले, आणि कान जो बंद पडला तो कायमचा. मोठ्या दवाखान्यातून परत येताना एसटीत माझे वडील, आप्पा, माझ्या उजव्या बाजूला बसले आणि हळूच म्हणाले, “कोणाले सांगू नको बाप्पा. एका कानानं आयकू येते ना तुले? मंग झालं. लगनाच्या वक्ताले लोक खोट काढतेत.”

म्हणजे लपवायला मी शिकले ती लग्नासाठी. वर्गात डाव्या भिंतीला चिकटून बसायचं, म्हणजे सगळं जग आपोआप उजवीकडे येतं. रस्त्यानं चालताना मैत्रिणीला गोड बोलून उजव्या हाताला घ्यायचं. ओठ बघत राहायचं आणि कळलं नाही तर हसायचं. पुढे लग्नाचं स्थळ आलं नाही, शिष्यवृत्तीचं पत्र आलं, आणि तीच विद्या तिथं कामाला आली. पहिल्या तपासणीला तालुक्याचे डॉक्टर माझ्या पाठीमागे उभे राहिले, म्हणाले, “उजवा कान झाक,” आणि कुजबुजत आकडे बोलले. उजवा कान झाकणारा हात माझाच होता. जितका झाकायचा तितकाच झाकला.

पुढे व्यावसायिक परवान्यासाठी मोठ्या शहरात मशीनवर कान तपासणार हे मला माहीत होतं. तेव्हाचं तेव्हा बघू, असं मी रोज स्वतःला सांगायची. त्याआधी एकदा तरी एकटीनं उडायचं होतं. तेवढं एक झालं की पुढचं काहीही सोसेन असं वाटायचं. त्या वयात माणूस असल्या पैजा देवाशी लावत असतो.

आणि हेडसेटची गंमत अशी, की क्लबात विद्यार्थ्यांसाठी जे जुने हेडसेट होते, त्यांची कानावरची एक वाटी मुकी झाली होती. क्लबच्या वायरमननं जोडाजोडी करून माईकच्या बाजूची वाटी तेवढी बोलती ठेवली होती. एक बोलते ना, पुरे, असं त्याचं म्हणणं. जिकडे माईक तिकडे आवाज. बाकीची मुलं माईक डावीकडे घेत आणि डाव्या कानानं ऐकत. मी हेडसेट फिरवून घालायची, म्हणजे बोलती वाटी उजव्या कानावर यायची. माझा हट्ट एवढाच होता. पण तो सांगता येण्यासारखा नव्हता.

कारखानीस सर क्लबातले सगळ्यांत जुने आणि सगळ्यांत कडक. तरुणपणी कपाशीवर विमानातून औषध फवारायचे. तारांच्या खालून विमान नेलेला माणूस, असं मुलं त्यांच्याबद्दल दबक्या आवाजात बोलत. त्यांनी त्या वर्षी एकच नवा विद्यार्थी घेतला, आणि तो म्हणजे मी. स्वतः नाव सांगून मागून घेतलं होतं मला. मुलांनी त्याचा हवा तो अर्थ काढला. मी माझा काढला होता. माझ्यात त्यांना काहीतरी दिसलं असणार, असं मला वाटायचं, आणि त्या वाटण्यावर मी रात्री निवांत झोपायची.

त्या आठवड्यात एका मुलाच्या कोपराचा धक्का लागून माईकची दांडी मोडली. त्यानं माझं बघून हौसेनं माईक उजवीकडे घेतला होता. क्लबचे चीफ इन्स्ट्रक्टर दस्तूरसाहेब बाहेर आले, सगळ्यांना हँगरच्या सावलीत उभं केलं आणि आपल्या पारशी मराठीत म्हणाले, “आजपासून माईक डाव्या बाजूला. ज्याला उजवीकडे पाहिजे, त्यानं जमिनीवर बसून हार्मोनियम वाजवायचा.”

मुलं हसली. मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं मला दिसलं. मला त्याचा राग आला.

विमानाकडे चालताना ते म्हणाले, “आज फेऱ्या नीट झाल्या तर मी उतरेन. पुढची तुझी एकटीची.”

ते माझ्या उजवीकडे होते, त्यामुळे मी ते स्वच्छ ऐकलं. आणि म्हणूनच मी माईक डावीकडे घेतला. नाही म्हटलं असतं तर एकटीनं उडणं पुढे गेलं असतं, आणि पुढे काय वाढून ठेवलंय ते मला माहीत होतं. मी हिशेब केला. सर उजवीकडे बसतात, त्यांचा माईक त्यांच्या खिडकीच्या बाजूला असतो, म्हणजे ओठ मला दिसतील. टॉवर म्हणजे गच्चीवरची एक खोली. तिथून काय सांगतात ते पाठ झालंय. निभेल.

पहिली फेरी निभली. टॉवरचा आवाज डाव्या वाटीत कुठेतरी भुंग्यासारखा गुणगुणला. नेहमीच्या जागी नेहमीचं उत्तर मी ठोकून दिलं. सर बोलले की मी मान वळवून बघायची. त्यांनी दोनदा अंगठा वर केला. आज त्यांना माझं सगळं कळत होतं, एकदाही “काय म्हणालीस?” विचारलं नाही. एरवी ते सारखं विचारत. मला वाटलं, आज मी खरंच चांगली उडवतेय.

दुसऱ्या फेरीत उतरायच्या आधीचं डावं वळण आलं. सरांनी हातानं खूण केली आणि म्हणाले, “आय हॅव कंट्रोल.” म्हणजे विमान आता त्यांच्याकडे, म्हणून मी हात सोडले. वेग कमी ठेवून वळण कसं घ्यायचं ते त्यांना दाखवायचं होतं. त्यांनी इंजिन मंद केलं, नाक जरा वर धरलं, आणि विमान डावीकडे कललं.

डावं वळण म्हणजे धावपट्टी डावीकडे. मी तिकडे बघत होते. खाली कपाशीची शेतं इतकी जवळ वाटली की बोंडं मोजावीत. मान समोर वळवताना माझ्या तोंडून आपसूक निघालं, “आई गं.”

विमान कलत राहिलं. सर दाखवतायत, असं समजून मी बघत राहिले. मग मुक्या वाटीच्या आडून, लांबून, बारीक किंकाळीसारखा आवाज आला. वेग फार कमी झाला, विमान आता पडेल, हे सांगणारा तो भोंगा. मला वाटलं, सर तोही वाजवून दाखवतायत. किती वाजवणार म्हणून मी त्यांच्याकडे वळले.

त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. शांतपणे ते समोर बघत होते, चांगल्या विद्यार्थ्याच्या शेजारी बसलेल्या मास्तरांसारखे.

त्या विमानाला त्या वेळी कोणीच उडवत नव्हतं.

मी इंजिनाचा जोर वाढवायला थ्रॉटल ढकलला, नाक खाली दाबलं, पंख सरळ केले. शेतं वर आली, थांबली, मग हळूहळू खाली गेली. सरांचे हात मधेच कंट्रोलवर आले आणि माझे आधीच तिथे आहेत हे बघून परत गेले. मी आणखी एक फेरी घेतली आणि उतरवलं. हँगरच्या अलीकडे, पट्टीच्या कडेला, त्यांनी मला थांबायला खूण केली. मी इंजिन बंद केलं. पंखा थांबला. दोघांनी हेडसेट काढले.

“लक्ष कुठे होतं तुझं?” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. “विमान तुझ्याकडे होतं.”

“माझ्याकडे? तुम्ही तर वळण दाखवत होता.”

“‘यू हॅव कंट्रोल’ म्हणालो मी. तू ‘आय हॅव’ म्हणालीस. मी स्वतः बघितलं.”

“मी ‘आई गं’ म्हणाले, सर.”

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं.

“आणि भोंगा केव्हापासून वाजत होता,” मी म्हणाले. माझाही आता पारा चढला होता. “भोंगा वाजल्यावर तरी हात लावायचा.”

“कुठला भोंगा?” ते म्हणाले.

त्यांचं वाक्य संपायच्या आत आम्हा दोघांनाही कळलं. ‘बघितलं’ म्हणाले होते ते, ‘ऐकलं’ नाही. वाऱ्यानं विमानाचं दार कुरकुरत होतं, ते मला ऐकू येत होतं. त्यांना येत नसावं.

“तू माझं ‘यू हॅव’ का नाही ऐकलंस?” त्यांनी हळूच विचारलं.

मी डाव्या कानाला बोट लावलं. आप्पांनी गप्प राहायला सांगितल्यापासून पहिल्यांदाच. “हा नाही, सर. नऊ वर्षांची असल्यापासून.”

“म्हणून उजवीकडे.”

“हो.”

त्यांनी हेडसेट मांडीवर ठेवला आणि त्याची वायर बोटाला गुंडाळत बसले. “आमच्या वेळी हेडसेट नव्हते,” ते म्हणाले. “कानाशी इंजिन बोंबलायचं. कपाशीवर फवारायचो आणि कानात कापूस कोंबायचो. बारीक आवाज आधी जातात. पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी गेली. तीन झाल्या की गॅस बंद करा, असं सांगून बायको देवळात जाते, येऊन बघते तर डाळ करपलेली. तिला वाटतं मी पेपरात डोकं घालून बसतो. मीही वाटू देतो. डावा कान तर नावालाच आहे. उजवा जरा बरा.”

“पण दरवर्षी तपासतात ना?”

“तपासणारा डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी. समोर बसून विचारतो, ‘सर, ऐकू येतं ना?’ मी त्याच्या ओठांकडे बघून म्हणतो, येतं.”

मला हसू आलं आणि त्याची लगेच लाज वाटली. पण तेही कडवट हसले.

“म्हणून माझं तोंड दिसायला हवं होतं,” मी म्हणाले.

“हो. माईक उजवीकडे घेतलास की तुझे ओठ झाकले जायचे. निम्मं अंदाजानं चालवायचो.” पुढचं सांगावं की नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. “पाचपोळ, तुला मीच मागून घेतलं होतं, माहितेय ना?”

“माहितेय.”

“त्या बाकीच्या सगळ्या पोरांना मिशा आहेत. ओठ दिसत नाहीत.”

एवढं बोलून ते बाहेर बघायला लागले. मीही माझ्या खिडकीतून बाहेर बघितलं. एवढा काळ ज्या गोष्टीवर मी निवांत झोपत होते, ती एवढीशी होती. मला रडू आलं नाही. मात्र आत काहीतरी बसल्यासारखं झालं, आणि ते नंतर उठलंच नाही.

“उतरतो मी,” ते म्हणाले आणि दार उघडलं. “तू एक फेरी मारून ये.”

“आत्ता? आत्ताच तर आपण मरता मरता वाचलोय.”

“वाचलो ते कुणामुळे? आत्ता या विमानात ऐकणारा एकच माणूस होता, तोही अर्धा. तो वर जाऊ दे. मला खाली राहू दे.” उतरून त्यांनी आपला पट्टा रिकाम्या खुर्चीवर नीट बांधून ठेवला.

“माईक, सर?”

“उजवीकडे घे,” कॅप्टन कारखानीस म्हणाले. “इकडे आता कोणी नाही.”

मी एकटीनं उडवलं. याबद्दल लोक फार बोलतात, मला फारसं सांगता येत नाही. एक माणूस कमी झाल्यानं विमान लवकर उचललं गेलं, हे लक्षात आहे. टॉवरचा शब्दन् शब्द उजव्या कानात लख्ख ऐकू आला. वळणावर मी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. रिकाम्या खुर्चीवर पट्टा बांधलेला होता. इतकं सुख पुन्हा कधी झालं नाही, पण त्याच सुखात हे पहिलं आणि शेवटचं आहे, असं मला वाटायला लागलं होतं. अजून ठरलं नव्हतं, नुसतं वाटत होतं.

खाली उतरून विमानाबाहेर आले तर अंगावर बादलीभर गार पाणी पडलं. पहिल्यांदा एकट्यानं उडालेल्याला भिजवायची क्लबात रीत होती. मुलं दबक्या पावलांनी डावीकडून आली होती. मला पत्ताच नव्हता.

सर हँगरपाशी उभे होते. मी निथळत त्यांच्याजवळ गेले. ते माझ्या समोर आले.

“दस्तूरकडे चाललोय. माझ्या कानांचं सांगतो. आजचंही सांगतो.”

“आणि माझं?”

“तुझं मला काही माहीत नाही. तुझ्या बाबतीत कानाडोळा.” मग म्हणाले, “कान कसला, नुसता डोळाच.”

ते आत गेले. मी बाहेरच्या बाकावर बसले. कपड्यांतून पाणी ठिबकत होतं. मी गप्प राहिले तर निदान त्या मशीनपर्यंत तरी मला कोणी थांबवणार नव्हतं. आणि ज्यानं कारखानीस सरांना इतकी वर्षं पास केलं तसला डॉक्टर मलाही भेटला असता. शोधला की मिळतो. मग मी पुढे काय, ते मनात रंगवून बघितलं. मोठ्या विमानात नवीन माणूस को-पायलट असतो. को-पायलट उजवीकडे बसतो. कॅप्टन त्याच्या डावीकडे.

माझी सगळी नोकरी माझ्या बहिऱ्या बाजूनं बोलणार होती. आणि मागे दीडशे माणसं खुर्चीला पट्टे बांधून बसलेली असणार होती.

मला सरांचे मांडीवरचे हात दिसत राहिले. किती शांत होते ते.

मी उठले, दार ढकललं. दस्तूरसाहेबांनी ओल्या मुलीकडे बघून भुवया चढवल्या. सर खुर्चीत बसले होते, टोपी हातात. मला बघताच त्यांनी नकारार्थी मान हलवली. ते मला नीट दिसलं.

“सर,” मी दस्तूरसाहेबांना म्हणाले, “मला डाव्या कानानं ऐकू येत नाही.”

“कोणत्या?” त्यांनी विचारलं. दोघांचं एकदम ऐकून त्यांचा गोंधळ उडाला असावा.

“डाव्या,” मी परत म्हणाले. हा शब्द एवढ्या मोठ्यानं मी कधी उच्चारला नव्हता.

पुढचं फार लांबलं नाही. दोघांचंही उडणं त्या दिवसापासून बंद झालं. दस्तूरसाहेब रागावले नाहीत. तेच जास्त वाईट वाटलं. त्यांनी स्वतः उठून मला टॉवेल दिला.

ऊन कलताना आम्ही दोघं फाटकाकडे निघालो. रस्ता बराच होता. सर माझ्या डावीकडे आले. मग त्यांच्या लक्षात आलं, तसे वळसा घालून उजवीकडे गेले. पण उजवीकडून त्यांचा बरा कान माझ्यापासून लांब पडत होता. मी बोलले ते त्यांना पोचेना. मग मी वळसा घेतला. असं दोनदा झालं. शेजारी चालून दोघांनाही ऐकू येईल अशी बाजूच नव्हती.

शेवटी मी त्यांना त्यांची बाजू दिली. ते माझ्या डावीकडून चालू लागले, समोर बघत, आणि बोलायला लागले. त्यांच्या आवाजाची नुसती कंपनं मला जाणवत होती. वळून ओठ बघता आले असते. मी बघितले नाहीत. ते बोलत होते, मी मान डोलवत होते. काय बोलले ते मला आजही माहीत नाही. मला ऐकू येत नाही हे त्यांना आता पुरतं माहीत होतं, आणि म्हणूनच ते एवढं बोलत असावेत.

फाटकाशी आल्यावर ते थांबले. माझ्या समोर येऊन उभे राहिले, मला दिसेल असं तोंड उघडून, एकेक शब्द सुटा करत म्हणाले,

“जा. एसटी चुकेल.”